स्क्रीन बदलताय? मग वापरणाऱ्यांचं मत या क्रमाने घ्या

आमचं सॉफ्टवेअर दूध संकलन केंद्रांवर चालतं. ऑपरेटर उत्पादकाचा कोड टाकतो, मग लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ). दर आपोआप निघतो आणि पावती छापली जाते. या नोंदीच्या स्क्रीनचं रूप आम्ही एकदा बदललं आणि रीतसर फॉर्म पाठवून विचारलं, 'नवी स्क्रीन कशी वाटली?' साठेक उत्तरं आली. छान, खूप छान, एकदम मस्त. पुढच्याच आठवड्यात फोन सुरू झाले: पहाटेची रांग गेटबाहेर जातेय, जुनं परत द्या.

लोक खोटं बोलले नव्हते. आम्ही विचारलं होतं उलट्या क्रमाने. त्यानंतर ओळखीतले बरेच जण आपापले फॉर्म 'जरा बघ' म्हणून पाठवतात. कोणाचं मेडिकल दुकानाचं बिलिंग असतं, कोणाचं सोसायटीच्या मेंटेनन्सचं ॲप, कोणाचं पतसंस्थेचं. चुका मात्र सगळीकडे त्याच. म्हणून सगळा क्रम एकदाच लिहून काढतोय.

हे अशांसाठी आहे ज्यांचं सॉफ्टवेअर लोक रोज वापरतात, ज्यांना त्याची स्क्रीन बदलायची आहे आणि ज्यांच्याकडे यासाठी वेगळी टीम वगैरे नाही. दोन-तीन माणसं, एक गाडी आणि एक वही एवढ्यावर हे होतं.

टप्पा १: काय बदलता येणार आहे ते आधी ठरवा

फॉर्म उघडण्याआधी कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात जे ठरून गेलंय ते: कायद्याने, पैशाने किंवा तांत्रिक कारणाने जे हलणार नाही. दुसऱ्यात जे अजून बदलता येईल ते. तिसऱ्यात ज्याबद्दल तुम्हाला खरंच काही माहीत नाही ते. प्रश्न फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यातून काढायचे.

आमच्या पहिल्या फॉर्ममध्ये रंगावर दोन प्रश्न होते. रंग ठरलेला होता, आयकॉन छापून आले होते, पत्रकंसुद्धा त्याच रंगात. मग विचारलं कशाला? विचारल्यासारखं व्हावं म्हणून. लोकांना हे कळतं आणि पुढच्या वेळी ते उत्तर देत नाहीत.

मग एकाच वाक्यात मूळ शंका लिहा. आमची अशी असायला हवी होती: 'कोड टाकल्यावर आता उत्पादकाचं नाव मोठ्या अक्षरात येतं, ते ऑपरेटर वाचतो का, आणि वाचताना त्याचा हात थांबतो का?' एवढी नेमकी शंका लिहिता आली नाही तर अजून मत मागायची वेळ आलेली नाही.

तपासा: प्रत्येक प्रश्नापुढे लिहा, 'उत्तर नको तसं आलं तर मी काय करीन?' 'काहीच नाही' असं लिहावं लागलं की तो प्रश्न खोडा.

टप्पा २: जुन्या स्क्रीनचं माप घेऊन ठेवा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. नवी स्क्रीन आली की जुनी जाते, आणि मग 'आधी पटापट व्हायचं' या वाक्याला ना होकार देता येतो ना नकार.

माप साधं घ्या. सलग २० नोंदींना किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. त्यात किती वेळा मागे जाऊन दुरुस्ती करावी लागली, किती वेळा ऑपरेटरने शेजारच्याला विचारलं, हेही टिपा. तीन-चार ठिकाणी, वेगवेगळ्या दिवशी. सॉफ्टवेअरमध्ये वेळेची नोंद आधीपासून होत असेल तर आणखी सोपं, पण रद्द केलेल्या पावत्याही मोजा. नुसता वेग पाहिला तर घाईत चुकणारा माणूस हुशार ठरतो.

इशारा: माप घेताना 'तुमची परीक्षा नाही' हे ऑपरेटरला सांगा आणि त्याच्या साहेबालाही सांगा. साहेबाला सांगायचं राहिलं तर तुमची वही हजेरीपुस्तक होते.

टप्पा ३: कोण बोलणार नाही त्याची यादी करा

स्वेच्छेने आलेल्या मतांची एक खोट कायमची असते: बोलायचंय तेच बोलतात. एक चिडलेले, दुसरे तुमचे ओळखीचे. मधला मोठा घोळका गप्प असतो. ही खोट पूर्ण जात नाही, पण आधीच ओळखून ठेवली तर फसगत टळते.

म्हणून वापरणाऱ्यांची यादी त्यांच्या कामानुसार करा. आमची अशी निघाली:

- पहाटेच्या पाळीचा ऑपरेटर, ज्याच्यासमोर रांग असते
- संध्याकाळचा ऑपरेटर, बहुतेकदा बारावी झालेला घरचाच मुलगा
- सचिव, जो दर दहा दिवसांनी हप्त्याची बिलं काढतो
- दूध घालणारा उत्पादक

शेवटचं नाव वाचून आमच्यातलाच एक जण म्हणाला, 'तो कुठे स्क्रीन वापरतो?' वापरत नाही, पण पावती तोच वाचतो. त्याला फॅट, दर, रक्कम आणि पशुखाद्याची कपात किंवा उचल किती गेली ते बघायचं असतं. नव्या पावतीत आम्ही कपात खालच्या ओळीत बारीक अक्षरात टाकली, आणि त्याची शंका झेलायला लागली ऑपरेटरला. स्क्रीनला हात न लावणाऱ्या पण तिचा परिणाम भोगणाऱ्या माणसाला यादीतून वगळू नका.

प्रत्येक गटातून किती जण? सॉफ्टवेअर वापरायला किती सोपं आहे याचा अभ्यास करणारे याकोब नीलसन आणि थॉमस लँडॉवर यांनी १९९३ मध्ये मांडलेला हिशेब यासाठी वापरला जातो: काम करताना प्रत्यक्ष पाहिलेला एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी दाखवून देतो, पाच जणांपर्यंत ८५ टक्क्यांच्या आसपास अडचणी समोर येतात. यातलं 'पाच पुरे' एवढंच लोकांच्या लक्षात राहतं. हे पाच एकाच प्रकारच्या वापरणाऱ्यांपैकी हवेत, त्यांना काम करताना पाहायचं आहे आणि दुरुस्ती करून पुन्हा पाहायचं आहे, हे विसरतात. पाच जणांना फॉर्म पाठवून ८५ टक्के अडचणी कळत नाहीत.

तपासा: यादीत असा एक तरी माणूस आहे का जो नव्या व्हर्जनवर आलेलाच नाही? त्याला फोन करून विचारा. 'का आला नाहीत' नको, ते जाब विचारल्यासारखं होतं. 'सध्या कुठलं वापरताय, कसं चाललंय' असं.

टप्पा ४: स्वेच्छा म्हणजे खरोखरच स्वेच्छा

आमची साठ गोड उत्तरं कशी आली ते नंतर कळलं. एका मोठ्या संस्थेच्या चेअरमनसाहेबांनी आमच्यावरच्या प्रेमापोटी लिंक ऑपरेटरांच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, 'सर्वांनी आजच भरणे.' फॉर्म ईमेल गोळा करत होता, म्हणजे कोणी काय लिहिलं ते दिसणार. अशा वेळी पाचपैकी पाच तारे देऊन मोकळं होणं हेच शहाणपण. मीही तेच केलं असतं.

तेव्हा निमंत्रण तुमच्याकडूनच, थेट त्या माणसाकडे जाऊ द्या. आम्ही आता हा मजकूर पाठवतो:

'नमस्कार दादा/ताई. नोंदीची स्क्रीन आम्ही बदलतोय. ती वापरताना काय अडतं हे तुमच्याकडून समजून घ्यायचं आहे. दहा मिनिटं लागतील. वाटलं तरच सांगा, नाही म्हणालात तरी काही बिघडत नाही आणि तुमच्या सेवेत फरक पडणार नाही. तुमचं उत्तर आमच्या टीमबाहेर, संस्थेतसुद्धा, कोणाला दाखवणार नाही. नंतर उत्तर काढून टाकायचं वाटलं तर याच नंबरवर कळवा.'

यातलं शेवटून दुसरं वाक्य लिहिलंत की ते पाळावं लागतं. चेअरमनसाहेब चहा पाजून 'आमच्या केंद्रावरून कोण काय म्हणालं हो?' असं विचारतात. सांगायचं नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा म्हणतो की संमती मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कारणासाठी, माहिती घेऊन, विनाअट आणि निःसंदिग्ध असावी. दिलेली संमती काढून घेणंही देण्याइतकंच सोपं हवं. सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची सोय हवी. मराठी त्या २२ भाषांत आहेच. फॉर्म मराठीत आणि संमतीचा मजकूर मात्र इंग्रजीत, असला प्रकार करू नका.

इशारा: स्क्रीनचं रेकॉर्डिंग करणार असाल तर थांबा. ऑपरेटरने हो म्हटलं तरी त्या स्क्रीनवर उत्पादकाचं नाव, मोबाइल, बँक खातं, उचलीचा आकडा असतो. त्याला कोणी विचारलं? चाचणीसाठी खोट्या नावांची वेगळी यादी भरून न्या. आम्ही गावातल्या आडनावांशी न जुळणारी ४० नावं करून ठेवली आहेत. कारण ओळखीचं नाव दिसलं की ऑपरेटर काम सोडून 'हे कोण हो?' यातच अडकतो.

बक्षिसाबद्दल: वेळ घेतलात तर त्याचा मोबदला द्या, पण मत काहीही असो, सगळ्यांना सारखा आणि आधी. 'फॉर्म भरा, लकी ड्रॉ जिंका' म्हटलं की फॉर्म भरणारे वाढतात, सांगणारे वाढत नाहीत.

टप्पा ५: सगळ्यांना एकदम नको, आणि परतीची वाट ठेवा

नवी स्क्रीन आधी चार-पाच केंद्रांवर द्या, आणि जुन्यावर परत जायचं बटण दिसेल असं ठेवा. परत जाणं हेही मतच आहे, आणि त्यासाठी काही टाइप करावं लागत नाही. परत जाताना एकच प्रश्न दाखवा, 'आत्ता काय करायचं होतं जे जमलं नाही?' उत्तर न देताही पुढे जाता आलं पाहिजे.

मोठ्यांचंही असंच चालतं. विकिपीडियाने २०१० पासूनचं डेस्कटॉपचं रूप बदललं तेव्हा २०२० पासून ते फ्रेंच, हिब्रू अशा काही विकिपीडियांवर आधी दिलं. इंग्रजी विकिपीडियावर ते आलं जानेवारी २०२३ मध्ये. तरीही मजकुराचा आखूड पट्टा आणि बाजूची मोकळी जागा यावर लोक वैतागले. पण खातं असलेल्यांना पसंतीक्रमात जाऊन जुनं रूप परत घेता येत होतं, आणि रुंदी वाढवायचं बटणही देण्यात आलं. वाट ठेवली नाही की काय होतं त्याचं उदाहरण विंडोज ८. ऑक्टोबर २०१२ मध्ये स्टार्ट बटण काढलं, ऑक्टोबर २०१३ मध्ये ८.१ मध्ये ते परत आणावं लागलं.

इशारा: जुन्याची वाट कधी बंद होणार ती तारीख पहिल्या दिवशीच सांगा. नाहीतर दोन्ही स्क्रीन जन्मभर सांभाळाल.

टप्पा ६: आधी बघा, मग विचारा

सगळ्यात जास्त मिळतं ते इथे, आणि सगळ्यात जास्त टाळलं जातं तेही हेच, कारण पहाटे उठावं लागतं.

फोन सुरू झाल्यावर मी एका केंद्रावर साडेपाचला जाऊन बसलो, रिकाम्या क्रेटवर. ऑपरेटर दादा एका हाताने नमुना फॅट मशीनला लावत होते, दुसरा हात नंबर पॅडवर. नजर स्क्रीनवर फारशी नव्हतीच. मशीनच्या आकड्यावर आणि समोरच्या किटलीवर होती. जुन्या स्क्रीनवर कोड, एंटर, लिटर, एंटर, फॅट, एंटर, एसएनएफ, एंटर, आणि शेवटच्या एंटरला पावती सुटायची. हात नंबर पॅडवरून उचलायचाच नाही. आम्ही नव्या स्क्रीनवर 'पावती छापा' असं सुंदर, मोठं, हिरवं बटण दिलं होतं. ते माउसने दाबायचं.

माउस कुठे होता? प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिळ्याला टांगलेला. तिथे हात कायम ओले असतात, आधीचे दोन माउस दुधाने गेले होते. दादा दर पावतीला हात पुसायचे, पिशवी खाली घ्यायचे, पिशवीतूनच माउस फिरवायचे, बटण दाबायचे, पिशवी परत टांगायची. मागे रांग.

आता गंमत बघा. या दादांनी फॉर्म भरला होता. मी नंतर शोधून काढलं. लिहिलं होतं: 'स्क्रीन चांगली आहे. आम्हाला माउस नीट येत नाही.'

लोक दोष स्वतःकडे घेतात. वयस्कर माणसं जास्त, संस्थेत नोकरीला असलेली त्याहून जास्त. फॉर्ममध्ये 'आम्हाला येत नाही', 'सवय नाही', 'शिकून घेऊ' असं दिसलं की तिथे डिझाइनची चूक शोधायला जायचं.

बघायला बसण्याचे नियम मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलेत:

१. गर्दीच्या वेळी फक्त बघायचं, तोंड उघडायचं नाही. प्रश्न रांग संपल्यावर.
२. रिकाम्या वेळी खोट्या नावांवर काम करायला सांगायचं आणि 'मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा' असं सांगायचं. आधी स्वतः एकदा करून दाखवायचं, तेही दुसऱ्याच कशावर, म्हणजे फोनमध्ये अलार्म लावताना वगैरे. नाहीतर माणूस लाजतो.
३. काम सांगताना बटणावरचा शब्द वापरायचा नाही. 'दुरुस्ती वर जा' नको. 'काल पाटलांचं फॅट चुकून ५.३ पडलंय, ३.५ करा' असं.
४. अडले तर मनात दहा आकडे मोजायचे. मग 'आता काय शोधताय?' एवढंच. बोट दाखवायचं नाही.
५. 'हे असं का हो केलंय?' असं त्यांनी विचारलं तर उत्तर न देता 'तुम्हाला काय वाटलं होतं?' असं उलट विचारायचं. समजावून सांगायची खुमखुमी येते. स्क्रीन बनवणाऱ्याला फार येते. म्हणून शक्यतो त्याने जाऊ नये, गेला तर मागे बसावं.

तपासा: परतल्यावर वहीत 'त्यांनी केलं' आणि 'ते म्हणाले' असे दोन वेगळे रकाने आहेत का? एकात मिसळले असतील तर त्याच दिवशी वेगळे करा. उद्या आठवत नाही.

टप्पा ७: प्रश्न लिहा

फॉर्म आत्ता, सातव्या टप्प्यावर. बघून आल्यामुळे काय विचारायचं ते आता माहीत असतं, आणि बहुतेक वेळा पाच प्रश्नांच्या वर लागत नाहीत.

'आवडलं का?' हा प्रश्न आपल्याकडे चालतच नाही. जेवायला बोलावून 'भाजी कशी झालीय' विचारल्यासारखं आहे ते. तोंडावर कोण वाईट म्हणेल? 'नवी सोपी स्क्रीन कशी वाटली' यात तर उत्तर प्रश्नातच आहे. त्याऐवजी घडलेली गोष्ट विचारा:

- नको: 'पावती छापणं सोपं झालं का?' हवं: 'आज सकाळी पावती छापताना काही अडलं का? काय झालं?'
- नको: 'स्क्रीन स्पष्ट आणि जलद आहे का?' हवं: यातली एकच गोष्ट. दोन विचारल्या की 'हो' कशाला आलं ते कळत नाही.
- नको: 'हे फीचर तुम्ही वापराल का?' हवं: 'गेल्या हप्त्यात हे किती वेळा लागलं?'
- नको: 'काही सूचना?' हवं: 'जुन्या स्क्रीनवरची कोणती गोष्ट आता सापडत नाही?'

मराठी टाइप करणं अनेकांना जड जातं. लांब उत्तराच्या रकान्यात मग 'ok', 'छान' एवढंच येतं. म्हणून व्हॉइस मेसेज पाठवायची सोय द्या. आमच्याकडे खरी माहिती सगळी आवाजातूनच येते, मागे गोठ्यातल्या आवाजासकट. तो मेसेज ऐकून, शब्दशः लिहून, मग मूळ फाइल पुसून टाकण्याची तारीख ठरवा.

गूगल फॉर्म वापरत असाल तर दोन सेटिंग बघा. ईमेल गोळा करणं बंद ठेवा. 'एकच उत्तर' हे बंधन घातलं की गूगल खात्यात लॉगिन करावं लागतं. केंद्रावरचा संगणक सगळ्यांत एक, त्यावर लॉगिन सचिवाचं. एकाने भरलं की बाकीच्यांना दार बंद.

आकडा हवाच असेल तर मनाने तारे काढण्यापेक्षा एसयूएस (सिस्टम युजेबिलिटी स्केल) नावाची, वापरायला किती सोपं ते मोजणारी प्रश्नावली घ्या. जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये ती तयार केली. दहा विधानं, प्रत्येकाला १ ते ५. विषम क्रमांकाच्या उत्तरातून १ वजा करायचा, सम क्रमांकाचं उत्तर ५ मधून वजा करायचं, सगळ्याची बेरीज करून २.५ ने गुणायचं. येणारा आकडा ० ते १०० मध्ये असतो, पण ते टक्के नव्हेत. सरासरी ६८ च्या आसपास धरतात. म्हणजे ७० आले की पेढे वाटू नका.

इशारा: एसयूएसमधली सम क्रमांकाची विधानं तक्रारीच्या सुरातली असतात. भाषांतर करताना त्यात 'नाही' घुसवू नका. 'वापरणं सोपं वाटलं नाही' याला 'असहमत' म्हणायचं म्हणजे माणूस गोंधळतो आणि उलटं खूण करतो. 'वापरताना उगाच किचकट वाटलं' असं लिहा. मग पाच जणांकडून मोठ्याने वाचून घ्या, कुठे अडखळतात ते बघा.

टप्पा ८: वेळ साधा

काम चालू असताना मध्येच उगवणारी खिडकी म्हणजे वाट अडवणं. लोक ती बंद करायला शिकतात आणि पुढे काहीही आलं तरी वाचल्याशिवाय बंद करतात. आम्ही प्रश्न दाखवतो तो पाळी बंद करून दिवसाचा गोषवारा छापल्यावर. 'आत्ता नको' हे बटण 'सांगतो' इतकंच मोठं असतं. दोनदा 'नको' म्हटलं की त्या बदलाबद्दल पुन्हा विचारत नाही.

पहिल्या दिवसाच्या मतांवर निर्णय घेऊ नका. स्वयंपाकघरातले डबे कोणी हलवले तरी चार दिवस चिडचिड होतेच. आम्ही तीनदा विचारतो. पहिल्या दोन दिवसांत फक्त 'काम पूर्ण अडलंय का' एवढंच. पहिला हप्ता निघाल्यावर खरे प्रश्न, कारण तोवर सचिवाचं कामही नव्या स्क्रीनवरून झालेलं असतं. महिन्याने पुन्हा तेच प्रश्न, त्याच शब्दांत. महिन्यानंतरही टिकलेली तक्रार सवयीची नसते.

मोबाइल ॲपवाल्यांसाठी: स्टोअरवरचं रेटिंग आणि डिझाइनवरचं मत यांची सरमिसळ करू नका. आयफोनवर रेटिंग मागणारी खिडकी ३६५ दिवसांत एका माणसाला जास्तीत जास्त तीनदाच दिसते. आधी 'ॲप आवडलं का' विचारून 'हो' म्हणणाऱ्यांनाच स्टोअरकडे वळवायची युक्ती गूगलच्या नियमांत बसत नाही. आणि ती युक्ती तुम्हालाच आंधळं करते.

टप्पा ९: मतांची छाननी

एका शीटमध्ये सहा रकाने करा: मूळ शब्द जसेच्या तसे, माणसाचं काम (नाव नाही), तेव्हा तो काय करत होता, त्याने काय मागितलं, अडचण खरी काय, किती जणांकडे दिसली.

चौथा आणि पाचवा रकाना वेगळा ठेवणं हाच सगळा खेळ. 'जुनी स्क्रीन परत द्या' ही मागणी. अडचण ही की हात नंबर पॅडवरून उचलावा लागतो. मागणी पुरवली असती तर उत्पादकाचं मोठ्या अक्षरातलं नाव गेलं असतं. आणि त्या नावामुळे चुकीच्या कोडवर दूध चढणं कमी झालं होतं, ते दुसऱ्या टप्प्यातल्या मापामुळे आम्हाला दिसत होतं. अडचण पकडली म्हणून एका एंटरवर काम भागलं.

मतं मोजून निर्णय घेऊ नका. 'हिरवा फार भडक आहे' असं बारा जण म्हणाले आणि 'सात नंबरच्या खात्यावर दूध चढलं, सत्तर नंबरचा भांडायला आला' असं एकच जण म्हणाला, तर आधी तो एक. पैसे चुकतात का, काम थांबतं का, नुसता त्रास होतो की केवळ पसंतीचा प्रश्न आहे, या उतरत्या क्रमाने लावा. मग त्याच पायरीत संख्या बघा.

अहवालात सात जणांपैकी पाच असतील तर 'सातपैकी पाच' असंच लिहा. '७१ टक्के वापरकर्ते' लिहिलं की मीटिंगमधल्या साहेबांना हजारो माणसं दिसायला लागतात. किती जणांना विचारलं आणि किती गप्प राहिले हेही त्याच पानावर लिहा.

टप्पा १०: दुरुस्त करा, त्याच माणसाकडे परत जा

दुरुस्ती झाली की आधी ज्यांना पाहिलं होतं त्यांच्यातल्या दोघा-तिघांसमोर ती ठेवा, आणि दोन-तीन नवे घ्या. जुन्यांना स्वतःची अडचण सुटली का ते कळतं; आपण नवी अडचण तयार केली का ते नव्यांकडून कळतं. आमच्या पहिल्या दुरुस्तीत शेवटच्या एंटरला पावती सुटायला लागली, पण एंटर जरा जास्त वेळ दाबला की दोन सुटायच्या. हे संध्याकाळच्या पाळीच्या मुलाने दाखवलं. पहाटेचे दादा हलक्या हाताने दाबतात.

मग ज्यांनी ज्यांनी काही सांगितलं त्या सगळ्यांना उत्तर द्या. काय केलं, काय केलं नाही आणि का. 'आपल्या बहुमूल्य प्रतिक्रियेबद्दल आभारी आहोत' हे उत्तर नव्हे. आमचा गेल्या वेळचा निरोप असा होता:

'नमस्कार. नोंदीच्या स्क्रीनबद्दल तुम्ही सांगितलेल्यापैकी तीन गोष्टी उद्याच्या अपडेटमध्ये येतील. एसएनएफनंतर एंटर दाबला की पावती निघेल. पावतीवर पशुखाद्याची कपात रकमेच्या वर, मोठ्या अक्षरात येईल. एंटर दाबून धरला तरी पावती एकच निघेल. उत्पादकाचं मोठं नाव काढा असं काहींनी सुचवलं होतं, ते ठेवलंय, कारण त्यामुळे चुकीच्या कोडवरच्या नोंदी कमी झाल्यात. जुनी स्क्रीन पुढच्या दोन हप्त्यांपर्यंत राहील. अजून काही अडलं तर याच नंबरवर बोलून पाठवा. माउस पिशवीतच राहू द्या.'